प्रार्थनेची भाषा

पाळकाच्या घरचा फोन पहाटे वाजला की बहुधा कोणीतरी गेलेले असते. जायचे, घरच्यांजवळ बसायचे, प्रार्थना करायची. पण अलीकडे उंबरा ओलांडताच एक प्रश्न कानी पडतो, "पाळकसाहेब, उपासना कोणत्या भाषेत घेणार?"

बेळगावात भाषेचा प्रश्न निघाला की लोकांना मोर्चे आणि पाट्या आठवतात. आमच्याकडे तो कबरीशी उभा असतो. लंडन मिशनरी सोसायटीने येथे १८२० मध्ये काम सुरू केले, १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे आले. कोणी नगरकडून आले, कोणी धारवाडकडून, गोव्याकडचे कॅथलिक बांधव कोकणी घेऊन आले, कॅम्पात इंग्रजी होतीच. आज एकाच घरात सासू मराठीत प्रार्थना करते, सून कन्नड बायबल वाचते आणि नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकतात. जेवणाआधीचे 'आमेन' तेवढे सर्वांचे एक!

आमच्या मंडळीतल्या नव्वदीच्या एक आजी वारल्या. मुले बंगळूर-पुण्याला, नात कॅनडात. ती मोबाइलवर दफनविधी पाहणार होती. थोरला मुलगा म्हणाला, "इंग्रजीतच घ्या, सगळ्यांना समजेल." त्याचे चुकत नव्हते. पण आजींचे बायबल मी पाहिले होते. सुटलेल्या पाठीला हिरव्या कापडाची पट्टी, पहिल्या कोऱ्या पानावर घरातल्या जन्ममृत्यूंच्या तारखा, सगळ्या मराठीत. टिळकांची भजने त्या टाळ धरून म्हणत. मी सुचवले, वाचन आणि संदेश जिवंतांसाठी असतो, तो इंग्रजीत घेऊ. कबरीवरची शेवटची प्रार्थना मात्र आजींच्या भाषेत. थोरल्या सूनबाईंना ते रुचले नाही. जाताना त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

आठवड्याने कॅनडाहून नातीचा फोन आला. मराठी तिला समजते, वाचता येत नाही. "तुम्ही शेवटी येशूला माउली म्हणालात. आजीपण म्हणायची. म्हणजे मदर का?" मी म्हटले, मदर खरेच, पण तेवढेच नाही. मग पंढरीची वाट, ज्ञानोबा, गुरूला आई म्हणण्याची आपल्याकडची रीत, सगळे सांगत बसलो. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांचा अभंग मागे ठेवून ते आले नाहीत. म्हणून तर ख्रिस्ताला माउली म्हणणे त्यांना जमले. फोन पाऊण तास चालला. (बिल तिचे!)

हे काही टिळकांपासूनच सुरू झाले नाही. इंग्लंडात जन्मलेले फादर स्टीफन्स गोव्यात आले आणि १६१६ मध्ये राचोलला त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, त्यात मराठीची थोरवी गाणाऱ्याही. पंडिता रमाबाईंचे संस्कृत केवढे मोठे! तरी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी बायबल उतरवले ते साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. परक्या वाटणाऱ्या धर्माला घरची बोली देण्यासाठी या माणसांनी आयुष्ये घातली.

तरुण मंडळी म्हणतात, देवाला सगळ्या भाषा कळतात. कळतातच की. पण प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय पुन्हा वाचावा. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमेत देशोदेशींचे लोक जमले होते, तेव्हा प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आले. सर्वांना एकच भाषा येऊ लागली, असे तेथे लिहिलेले नाही. तो चमत्कार बोलणाऱ्यांच्या सोयीचा नव्हता, ऐकणाऱ्यांच्या सोयीचा होता.

आमची मराठी उपासना सकाळी साडेसातला असते. बावीस-पंचवीस माणसे, बहुतेक साठी ओलांडलेली. पेटी वाजवणारे काका गुडघ्यांमुळे थंडीत येत नाहीत, मग आम्ही तशीच गातो. ती नऊच्या इंग्रजी उपासनेत मिसळावी, असा ठराव कमिटीपुढे आहे. विजेचा आणि साफसफाईचा खर्च ही सबब खोटी नाही, अर्पणाचा हिशेब मीही पाहतो. पुढच्या महिन्यात बैठक आहे. मी विरोधात बोलणार आहे, आणि तेही मराठीत. थोरल्या सूनबाई कमिटीवर आहेत.