आजोबा कुठे आहेत?

लहानपणी नरक चतुर्दशीला आजी पहाटे चारला अंगावरची गोधडी ओढायची. "ऊठ गं, उजाडायच्या आत अंघोळ केली नाहीस तर नरकात जाशील!" आम्ही भावंडं डोळे चोळत उठायचो, तेल-उटणं लावून घ्यायचो, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचो आणि फराळाला बसलो की नरक विसरून जायचो. ती भीती गरम पाण्याच्या पहिल्या तांब्यापर्यंतच टिकायची.

नरक ही इतकी गंभीर गोष्ट असते, हे मला इथे कनेक्टिकटला आल्यावर कळलं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझे बाबा गेले. व्हिसाच्या अडचणीमुळे मला जाता आलं नाही. दहावा, तेरावा सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी माझी सात वर्षांची लेक समोरच्या घरून खेळून आली आणि दारातच म्हणाली, "आई, आजोबा नरकात आहेत का? ती म्हणाली, येशूला न मानणारे सगळे तिथेच जातात. आणि कध्धीच सुटत नाहीत."

ती म्हणजे समोरच्या बाईंची नात.

मला जास्त लागला तो 'कधीच' हा शब्द. नरक आपल्याकडेही कमी नाहीत. भागवताच्या पाचव्या स्कंधात 28 नरक सांगितले आहेत. पण आपला नरक भोगून संपतो. हिशेब फिटला की जीव पुन्हा जन्माला येतो. परंपरेने चालत आलेला ख्रिस्ती नरक कायमचा आणि जन्म एकच. मी शाळेत शिकवत होते, म्हणून मला लगेच परीक्षा आठवली: वर्षातून एकदाच होणारी, फेरपरीक्षा नसलेली. मराठी बायबलातही शब्द 'नरक' हाच आहे, त्यामुळे आपण एकाच जागेबद्दल बोलतोय असं वाटतं. तसं नाही.

रागाच्या भरात दोन आठवडे मी समोरच्या बाईंशी बोलले नाही. याच बाईंनी एका हिमवादळाच्या रात्री, नवरा परगावी असताना, तापाने फणफणलेल्या लेकीला आणि मला इस्पितळात नेलं होतं. बोलत नव्हते, पण वाचत होते. वाचताना एन्फिल्ड गावाचं नाव आलं. आमच्या घरापासून ते अर्ध्या तासावर आहे. 8 जुलै 1741 रोजी जोनाथन एडवर्ड्स या धर्मोपदेशकाने तिथे नरकावर प्रवचन दिलं. आगीवर धरलेल्या कोळ्यासारखा माणूस देवाच्या हातात लोंबकळतो आहे, असं त्याने सांगितलं, तेव्हा लोक इतके रडू-ओरडू लागले की त्याला मध्येच थांबावं लागलं. अमेरिकेतलं हे बहुधा सर्वांत प्रसिद्ध प्रवचन. याच एडवर्ड्सने 1731 मध्ये न्यूपोर्टला जाऊन चौदा वर्षांची एक काळी मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली होती. मेल्यानंतरचा नरक ज्याला इतका स्पष्ट दिसला, त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरातला कसा दिसला नाही? मला वाटलं, मिळालं उत्तर. नरकाची भीती माणसाला इथल्या जगाकडे आंधळं करते.

मग एक दिवस बाई माझा स्टीलचा डबा परत करायला आल्या.

"नातीने तसं बोलायला नको होतं," त्या म्हणाल्या.

"पण तुम्हाला ते खरं वाटतं का?" मी विचारलं.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वाटतं. तुझ्याशी खोटं कसं बोलू? माझ्या धाकट्याने चर्च सोडलं त्याला बारा वर्षं झाली. तो रोज माझ्या डोळ्यासमोर असतो. पहाटे उठून मी त्याच्यासाठी प्रार्थना करते. तुझ्या वडिलांसाठीही केली. त्यांचा न्याय करणारी मी कोण? देव माझ्याहून दयाळू आहे, एवढंच धरून बसते."

माझा राग तिथेच बसला. नरक हा दुसऱ्यांना घाबरवण्यासाठी असतो असं मी समजत होते. या बाईंना तो पोटच्या पोराच्या काळजीने झोपू देत नव्हता.

एकाआड एक शनिवारी त्या तुरुंगात कैद्यांना भेटायला जातात. का, ते त्या दिवशी कळलं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. तिथे आगीत पाठवलेल्यांचा दोष एवढाच, की भुकेल्याला त्यांनी खाऊ घातलं नाही, कैद्याची विचारपूस केली नाही. म्हणजे नरक तोच, पण एडवर्ड्सच्या घरात एक आणि या बाईंच्या घरात दुसरंच काही घडवणारा.

आणि नरकाशिवाय? याच न्यू इंग्लंडमध्ये युनिव्हर्सलिस्ट पंथ वाढला. देव शेवटी सगळ्यांनाच जवळ घेतो, असं ते मानत. मग चांगलं वागेल कोण, असं विरोधक विचारायचे. 1881 मध्ये अमेरिकन रेड क्रॉस स्थापन करणारी क्लारा बार्टन अशाच घरात वाढली होती. वर्गात माझ्या धाकाने गप्प बसणारी मुलं मी पाठ फिरवली की काय करत, ते मला माहीत आहे. पण धाक नसताना सगळीच शहाणी होतात, असंही मला छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

लेकीला मी सांगितलं, "आजोबा कुठे आहेत ते मला माहीत नाही. ते कसे होते ते माहीत आहे." मग त्यांच्या गोष्टी सांगत बसले. तिला ते पुरलं की नाही, कोण जाणे.

यंदा पहिल्या अंघोळीची तयारी चालली आहे. इथे कारीट मिळत नाही. नरकासुराची गोष्ट सांगताना लेकीने विचारलं, "कृष्णाने त्याला मारल्यावर कोंडलेल्या बायकांचं काय झालं?"

"सोडवलं त्यांना. सोळा हजारांना."

"म्हणजे समोरच्या आजी जातात, तशा तुरुंगातून?"

फराळाचा पहिला डबा त्यांच्याकडे जाणार आहे. द्यायला लेकच जाणार म्हणते.