तीन एचपीला साडेसहा

साखर कारखान्याच्या रस्त्यावर माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलांच्या टायरगाड्या रात्रीअपरात्री दारात येतात आणि नेमकी तेव्हाच वीज गेलेली असते, नाहीतर तीनपैकी एक फेज नसते. पंक्चर निघतं, पण हवा कशी भरणार? शेवटी कंप्रेसरची तीन एचपीची मोटर उतरवून इंजिन चढवायचं ठरवलं.

दुकानदार म्हणाला, "तीनची मोटर आहे, तर तीनचंच इंजिन न्या." आमच्या मिस्त्रींनी मान हलवली. "मोटर घटकाभर दुप्पट ओझंही ओढते, शेठ. इंजिन तिथं गप्पकन बंद पडतं." शिवाय छोट्या पेट्रोल इंजिनावर लिहिलेली ताकद ३६०० आरपीएमच्या आसपासची असते, वेग उतरवला की तीही उतरते. म्हणून साडेसहा एचपीवर आम्ही थांबलो.

डिझेलचाही विचार झाला. राजकोटची लिस्टर पद्धतीची इंजिनं ६५० आरपीएमवर संथ चालतात, डिझेलही कमी पितात. पण त्यांचं वजन काही क्विंटल आणि खाली सिमेंटचा पाया हवा. मला तर कंप्रेसर चाकांवर घालून रस्त्यात अडकलेल्या ट्रॉलीपर्यंत न्यायचा होता. त्यामुळे पेट्रोलच.

खरी डोकेफोड पुलीची झाली. मोटर १४४० आरपीएमची, तिच्यावर पाच इंची पुली, कंप्रेसरचं फ्लायव्हील बारा इंची. म्हणजे कंप्रेसर मिनिटाला सहाशे फेरे घ्यायचा. इंजिन ३६०० वर चालवून तेवढाच वेग ठेवायचा तर पुली दोन इंचांची लागते. एवढ्या लहान पुलीवर बी सेक्शनचा पट्टा नीट वळत नाही. घसरतो, तापतो, लवकर फाटतो. उपाय निघाला तो निम्मा वेग देणाऱ्या गिअरच्या इंजिनाचा. इंजिन २९०० वर ठेवलं की बाहेरचा शाफ्ट १४५० वर फिरतो, आणि जुनीच पुली चालते. शाफ्ट बारीक होता, म्हणून लेथवाल्याकडून तेवढा बूश करून घेतला. फ्लायव्हीलवरचा बाणही आधी पाहिला. उलटं फिरलं तर त्याच्या पात्यांचा वारा हेडवर येत नाही.

आता उरला प्रेशर स्विच. टाकी भरली की तो मोटर बंद करायचा, दाब उतरला की पुन्हा चालू. इंजिनाला असं दर थोड्या वेळानं बंद-चालू कोण करणार? त्यासाठी अनलोडर बसवला. १२० पीएसआयला तो कंप्रेसरचा सक्शन व्हॉल्व्ह उघडा धरतो आणि त्याच हवेनं थ्रॉटल ओढून इंजिन मंद करतो. दाब नव्वदवर आला की इंजिन पुन्हा जोर धरतं. दोरी ओढून सुरू करतानाही अनलोडर उघडाच ठेवायचा, म्हणजे दाबाविरुद्ध ओढाताण होत नाही.

सायलेन्सरचं तोंड हवेच्या फिल्टरपासून लांब फिरवलं. बंद शटरमागे मात्र इंजिन कधीच लावायचं नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

ज्याच्याकडे वीज भरवशाची आहे त्यानं या फंदात पडू नये. पेट्रोल महाग, ऑइल बदलायचं, आवाज वेगळाच. पण पडायचंच असेल तर एचपी विचारण्याआधी मोटर गुपचूप काय काय सांभाळत होती याची यादी करावी. तिच्यातलं प्रत्येक काम आता कुणाकडे तरी सोपवावं लागतं.