निजलेल्या यंत्राची वर्दी

महाबळेश्वरापासून कोयनेच्या खोऱ्यापर्यंत जो पाऊस कोसळतो, तो कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर एकवटून सांगलीच्या आयर्विन पुलाखाली येणार. त्या पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ वर धोका, हा हिशेब ज्या गावाला तोंडपाठ आहे आणि ज्याने २०१९ च्या ऑगस्टात ५७ फुटांचे पाणी पाहिले आहे, त्या गावात बसून घाटमाथ्यासाठी पर्जन्यमापकांची सर्किटे करणाऱ्या माणसाला प्रोसेसर निजवण्याची फिकीर नसते. मुख्य घड्याळ थांबवावे, ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल तेवढा चालू ठेवावा, की मायक्रोअँपिअरभर विजेवर तो खुशाल पडून राहतो. बिकट असते ती त्याला पोहोचणारी वर्दी.

पर्जन्यमापकातली बकेट उलटताना चुंबक रीड स्विचपुढून सरकतो, पिन क्षणभर खाली ओढली जाते आणि घड्याळाविना काम करणारे लॅच ती कड टिपते. इथवर सारे ठीक. पण पान वा शेवाळ अडकून बकेट मध्येच थबकली, तर स्विच मिटलेलाच राहतो आणि १० किलोओहमच्या पुल-अपमधून ३०० मायक्रोअँपिअर अहोरात्र वाहू लागतात. म्हणून रेझिस्टर मेगओहमचा घ्यावा, तर आषाढाच्या दमटपणाने बोर्डावर ओलाव्याचा जो पापुद्रा चढतो त्याचा रोधही तेवढाच भरतो, ३ व्होल्टांचे दीड होतात, पिन धड वर नाही धड खाली नाही, आणि दूरवरच्या विजेच्या लखलखाटासरशी न पडलेला पाऊस दप्तरात जमा होतो. लॅकरचे लेप देऊन झाले, तरी तारेच्या टोकाशी ओल शिरतेच. बाहेरून येणारे कंत्राटदार या भानगडीत पडत नाहीत. मोठे सौर पॅनेल लावून प्रोसेसर जागाच ठेवतात, जणू जुलैच्या धुक्यात कोयनेच्या खोऱ्यातल्या नवजाला सूर्यनारायण हजेरी लावणार आहे! मी मात्र ठिकाणागणिक रेझिस्टर निवडीत आलो, कुठे ३३०, कुठे ४७० किलोओहम, आणि ही निवड दुसऱ्या कोणास साधणार नाही असे मनोमन समजून ती कोणास शिकवलीही नाही.

यंदा डोळ्यांना बारीक डाग जमेनासा झाला, म्हणून एक विद्यार्थिनी हाताशी घेतली. तिने ४७ किलोओहमचा रेझिस्टर पुरवठ्याला न जोडता प्रोसेसरच्याच दुसऱ्या पिनला जोडला. स्विच मिटलेला राहिला की ती पिन बंद होते आणि क्रिस्टलच्या मापाने अधूनमधून उघडून बकेट सुटली की नाही ते पाहते. "सर, बकेट अडकली की पाऊस मोजलाच जात नाही, मग त्या पिनला वीज कशाला पुरवायची?" या तिच्या प्रश्नावर मी दोन तपासण्यांच्या मधल्या मुदतीत हुकणाऱ्या नोंदीची हरकत काढली, तर तेवढा काळ 'शंकास्पद' असा शेरा दप्तरात पडतो, हे तिने शांतपणे दाखवले. माझ्या सर्किटात अशा वेळी निमूटपणे शून्य लिहिले जाई.

पुढच्या सगळ्या पेट्या तिच्या रीतीने होतील. नवजाच्या पेटीत मात्र मी माझा ४७० किलोओहमच बसवला, आणि तिने कारण विचारले तेव्हा सुटे भाग शिल्लक आहेत म्हणून सांगितले.