पिंजऱ्यातला वाढता संसार

वडील गेल्यानंतर आईला सोबत हवी, म्हणून मी तिला बजरीगर पक्ष्यांची एक जोडी आणून दिली. बाजारात यांनाच आपण सर्रास ‘लव्हबर्ड्स’ म्हणतो. विक्रेत्याने दिलेले मडकेही मीच हौसेने पिंजऱ्यात बांधले. दीड वर्षात दोनाचे सतरा पक्षी झाले. पंचाहत्तरीची आई रोज सकाळी वाकून पिंजरा झाडू लागली आणि तिला कोरडा खोकला जडला. मी औषधे बदलत राहिलो. पिंजऱ्याकडे माझे लक्षच गेले नाही.

एके दिवशी मादी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली दिसली. अंडे अडकले होते. पशुवैद्यांकडे नेईपर्यंत ती गेली. आई एवढेच म्हणाली, ‘‘अरे, तिला बाळंतपणातून उसंतच मिळाली नाही.’’

वाचकहो, ते मडके मी बांधले होते, म्हणून हे सांगणे माझे कर्तव्य आहे. बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियातला. तेथे पाऊस पडून दाणा मुबलक झाला की तो झाडाच्या ढोलीत अंडी घालतो. आपल्या घरात त्याला ढोलीसारखे मडके, बारमाही दाणा आणि रात्री उशिरापर्यंत दिव्याचा उजेड मिळतो. त्यामुळे त्याचा विणीचा हंगाम संपतच नाही. एका वेळी साधारण चार ते सहा अंडी घालताना मादीच्या शरीरातील कॅल्शियम खर्च होते. ते भरून निघण्याआधीच पुन्हा अंडी आली, तर ती जिवावर बेततात.

उपाय साधे आहेत. प्रथम मडके काढा. संध्याकाळी पिंजऱ्यावर कापड घालून बारा तासांचा अंधार द्या. उकडलेले अंडे, मोड आलेली धान्ये असा पौष्टिक खुराक काही काळ कमी करा. समुद्रफेस मात्र कायम ठेवा. घातलेली अंडी लगेच फेकू नका, कारण मादी त्यांच्या जागी आणखी घालते. ताजी अंडी उकडून, गार करून पुन्हा ठेवावीत. सुमारे तीन आठवड्यांत ती त्यांचा नाद सोडते. नवे पक्षी घ्यायचे असल्यास दोन नर घ्यावेत. चोचीवरचा नाकपुड्यांभोवतीचा भाग प्रौढ नरात बहुधा निळा, तर मादीत तपकिरी असतो.

आता आपल्या आरोग्याविषयी. वाळलेली विष्ठा व पिसांची धूळ यांमुळे ॲलर्जी, दमा आणि क्वचित फुप्फुसाचा जंतुसंसर्गही होतो. पिंजरा कोरडा झाडू नये. पाणी शिंपडून, मास्क लावून पुसून घ्यावा. ताप किंवा खोकला रेंगाळला, तर घरात पक्षी असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. डॉक्टर ते विचारतीलच असे नाही; मी स्वतःच्या आईलाही विचारले नव्हते.

आता आईकडे दोनच नर आहेत. बाकीचे पक्षी आम्ही जाणत्या घरी दिले. खोकला थांबला आहे. सकाळी ती त्यांच्याशी निवांत गप्पा मारते. आपल्या वडीलधाऱ्यांना अशी सोबत आणून देताना तिचे ओझे पुढे कोण वाहणार, याचाही विचार आधी करावा.