एका सुईसाठी चोरबाजारात

मैत्रिणींनो, शिवणाची सुई मोडली तर आपण कोपऱ्यावरून दुसरी आणतो. पण ती विमानाच्या इंजिनाची असली तर? अशा एका सुईपायी मी चोरबाजार पालथा घातला, त्याची ही हकिगत.

सासूबाई गेल्यापासून आमचे मामंजी बोलेनासेच झाले होते. दिवाळीत माळा आवरताना धाकट्याला एक खोका सापडला. आत मामंजींनी तरुणपणी बाल्सा लाकडाचा संच आणून जोडलेलं विमान! दोन तारांची मूठ हातात धरून आपल्याभोवती गोल उडवायचं, त्यातलं. त्याचं इंजिन मिल्स १.३, १९४६ साली इंग्लंडात निघालेलं. ना प्लग, ना बॅटरी. मामंजींनी ते हातात घेतलं आणि कित्येक महिन्यांनी आपणहून बोलले, "सूनबाई, सुई मोडलीय हो याची!"

इंधन कमीजास्त करणारी ही सुई. आपल्या गॅसच्या बटणाचं काम तिचं. ती नाही तर सारं व्यर्थ.

शनिवारी 'ह्यां'ना बरोबर घेऊन कल्याणहून मस्जिद बंदर गाठलं. नागदेवी स्ट्रीटवर नटबोल्टांच्या दुकानांची नुसती रांग. एका म्हाताऱ्या दुकानदाराने भिंगातून आटे पाहिले नि म्हणाला, "बहेनजी, हे बीए आटे. जुना इंग्लिश माल. आजचा मेट्रिक स्क्रू यात बसणार नाही. जबरदस्ती कराल तर आटे जातील. चोरबाजारात बघा."

मग मोहम्मद अली रोडने चालत भेंडी बाजार, आणि तिथून मटन स्ट्रीट. ग्रामोफोनचे कर्णे, सिनेमाची पोस्टरं, हंड्या-झुंबरं, बंद पडलेली घड्याळं! (शुक्रवारी मात्र दुकानं बंद असतात आणि पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, हे ध्यानात ठेवा.) दुपारी दोनपर्यंत पाय मोडले. 'हे' म्हणाले, "चल आता घरी." एवढ्यात एका दुकानात कॅमेऱ्यांच्या ढिगाखाली तेच इंजिन दिसलं. पार गंजलेलं, पण सुई शाबूत! नऊशे सांगितले, चारशेला दिलं. माझं ऐका, सुई एकटी घेऊ नका. ती ज्या नळीत फिरते त्या नळीसकट जोडी घ्या, म्हणजे आटे जुळतात.

घरी आमचं इंजिन फिरेना. जुनं एरंडेल आत गोंदासारखं वाळलेलं. मामंजींनी लेकीचा हेअर ड्रायर मागून घेतला, इंजिन चांगलं गरम केलं, आणि जोर न लावता हळूहळू सोडवलं. इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण सारख्या भागाने. ईथर भपकन पेट घेतं, म्हणून ती खटपट स्वयंपाकघरात नाही, मागच्या अंगणात!

रविवारी पंखा पंधरावीस वेळा बोटाने फिरवला, आणि एकदम टर्रर्र! सारी आळी जमा झाली. विमान अजून उडालेलं नाही. पंखांचा कागद फाटलाय. पण मामंजी रोज सकाळी नातवाला हाक मारून कागद चिकटवायला बसतात. काल मला म्हणाले, "तुझ्या सासूबाईंना हा आवाज मुळीच आवडायचा नाही." आणि कितीतरी दिवसांनी हसले.

त्या चारशे रुपयांचा हिशेब मी वहीत कुठल्या खर्चात मांडू, तुम्हीच सांगा.