खडकांच्या राज्यात तीन रात्री

लेक-जावई लॉस एंजेलिसला असले, की आईवडिलांचं फिरणं ठरलेलंच: डिस्नेलँड, लास व्हेगास, ग्रँड कॅन्यन. आम्हीही ते सगळं पाहिलं. पण कमी खर्चात झालेली नि मनात राहिलेली सहल वाळवंटातली. 2019 च्या नोव्हेंबरात आम्ही चौघं जोशुआ ट्री नॅशनल पार्कमध्ये तंबू ठोकून तीन रात्री राहिलो. मोटारीनं अडीच-तीन तासांचा रस्ता.

हिडन व्हॅली नावाच्या तळावर तेव्हा रात्रीला 15 डॉलर पडत, तेही माणशी नव्हे, सगळ्या जागेचे. एका जागेत सहा माणसं चालतात. पार्कात शिरताना मोटारीचे 30 डॉलर भरले, ते सात दिवस पुरतात. (दर बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी विचारून घ्यावं.) जागा जेमतेम 44, आणि जो आधी येईल त्याची, म्हणून शनिवार-रविवारची गर्दी टाळून गुरुवारी सकाळीच पोचलो.

एवढं स्वस्त का, ते पोचल्यावर कळतं. टेबल-बाक आहे, शेकोटीची जागा आहे, कोरडे संडास आहेत. पण नळ नाही! माणशी रोज चार लिटर पाणी न्यावं असं तिथले लोक सांगतात. आम्ही गावातूनच पाच गॅलनचे तीन कॅन भरून नेले, म्हणजे साधारण 57 लिटर. आपल्याकडे एक दिवसाआड नळाला पाणी येणाऱ्या गावातल्या बाईला हा हिशेब कुणी शिकवायला नको! दशम्या, तिळाची चटणी आणि लाडू घरूनच केले होते. रात्री एकाच पातेल्यात मुगाची खिचडी. जेवल्यावर ताटल्या आधी कागदानं पुसायच्या, मग तांब्याभर पाण्यात चारही निघतात. सांडपाणी इकडेतिकडे फेकायचं नाही, काटक्याही गोळा करायच्या नाहीत. सरपण विकतच न्यायचं. खाण्याचं सगळं रात्री मोटारीत बंद, नाहीतर कोल्ह्यांसारखे कायोटी येतात.

जागा सुमारे 4,200 फूट उंचीवर, त्यामुळे सूर्य मावळला की थंडी अंगात शिरते. जमिनीवर झोपायचं या कल्पनेनंच ह्यांची कंबर दुखायला लागली होती. पण हवेची गादी आणि कानटोपी घेतल्यावर सगळ्यात आधी घोरायला लागले तेच.

हा प्रदेश राखला गेला तो एका बाईमुळे. मिनर्व्हा हॉइट ही पॅसाडेनाची, बागकामाची आवड असलेली गृहिणी. तान्हा मुलगा गेला, पुढे 1918 साली पतीही गेले. तिला वाळवंटात शांती मिळे. लोक इथली झाडं उपटून शहरात नेत, ते तिला बघवेना. तिनं न्यूयॉर्क-लंडनपर्यंत वाळवंटी झाडांची प्रदर्शनं भरवली, वॉशिंग्टनला खेटे घातले, आणि अखेर 1936 साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आठ लाखांहून जास्त एकर जमीन संरक्षित केली. जोशुआचं झाड म्हणाल तर आपल्या घायपातीच्या कुळातलं, टोकाला काटेरी झुबके.

खडक मात्र कुणी रचून ठेवल्यासारखे. दहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली तप्त रस थिजला, भूगर्भातल्या पाण्यानं त्याचे कोपरे गोल केले, मग वरची माती वाहून गेली. पाण्यानं घडवलेले खडक, आणि प्यायला थेंब नाही!

आमची लेक तिथं जाते ती बोल्डरिंगसाठी, म्हणजे दोर न बांधता या खडकांवर चढायला. खाली नुसत्या जाड गाद्या अंथरतात. लहानपणी ही जिन्यावरून पडली तेव्हा मी रात्रभर उशाशी बसले होते. आता ती माझ्या डोळ्यांदेखत बारा-तेरा फुटांवर बोटांनी लटकलेली, आणि जावई खाली दोन्ही हात वर करून उभे. मी म्हटलं, "अगं, पुरे, उतर आता!" ती वरूनच म्हणाली, "आई, बोलू नकोस, लक्ष जातं." मी तोंडाला पदर लावला. ती दोनदा गादीवर पडली. जावयांनी दोन्ही वेळा तिचे खांदे धरून तिला गादीवर नीट वळवलं, आणि एकदाही "बास कर" म्हटलं नाही. तिसऱ्यांदा ती वर पोचली. माथ्यावर पाय सोडून बसली आणि पहिल्यांदा पाणी मागितलं. बाटली वर फेकायला ह्यांचाच नेम बरा निघाला.

निघताना कॅनमध्ये पाच-सहा लिटर उरलं होतं. शेजारच्या तंबूतल्या पोरांना विचारलं, तर त्यांनी पातेलीसुद्धा पुढे केली.