लावणीची रजा

औंढ्यातल्या आमच्या रिसॉर्टला सगळ्यात जास्त माणसं लागतात ती जुलैत, आणि आमच्या माणसांना रजा लागते तीही नेमकी जुलैत. पाऊस लागला की मुंबई-पुण्याची गर्दी लोणावळ्यात उतरते. त्याच पावसावर औंढे, औंढोली, देवल्याच्या खाचरांत भातलावणी सुरू होते. आमचं हाऊसकीपिंग, बाग, भांडी सगळं याच गावांतल्या लोकांवर चालतं. मग दरवर्षी ठरलेलं: कुणाची आजी वारायची, कुणाला ताप भरायचा, आणि चार दिवसांनी मंडळी पायाला चिखल्या घेऊन कामावर हजर. सुपरवायझरला सगळं ठाऊक असायचं. कुणाची आजी खरी धरायची, हे मात्र त्याच्या मर्जीवर.

२०१९ च्या उन्हाळ्यात मालकांनी मला कर्मचाऱ्यांसाठी हँडबुक तयार करायला सांगितलं. नमुना म्हणून मुंबईच्या ऑफिसातून एक फाइल आली. ती कुठल्या तरी सॉफ्टवेअर कंपनीची असावी. लॅपटॉप घरी कसा न्यायचा यावर त्यात अख्खं पान होतं, गमबूट कुणी द्यायचे यावर अक्षर नाही. शिवाय सगळं इंग्रजीत. अशी पुस्तकं वाचायला नसतातच म्हणा. उद्या भांडण झालं तर ‘ही बघ तुझी सही’ म्हणायला असतात.

फाइल बाजूला ठेवली आणि दुपारी स्टाफच्या जेवणाच्या वेळी किचनमागच्या शेडमध्ये वही घेऊन बसू लागले. लोक आधी गप्प. मग एकेक निघायला लागलं. पगार सात तारखेला की दहा? पीएफ कापता तो जातो कुठं? रात्री उशिरा सुटलो तर घरी कोण सोडणार? हाऊसकीपिंगच्या एका मावशींचा प्रश्न वेगळाच होता. त्यांच्या हातून थर्मास फुटला, तेव्हा पगारातून पैसे कापले गेले. पुढच्याच महिन्यात एका मुलीकडून काचेचा जग फुटला, तिला कुणी काही बोललं नाही. “मॅडम, कापा ना, माझं काही नाही. पण मग समद्यांचेच कापा.”

वेतनाच्या १९३६ च्या कायद्यातसुद्धा नुकसानभरपाई कापण्याआधी माणसाला आपली बाजू मांडू द्या, असं म्हटलेलं होतं. तेवढं लिहून भागलं असतं. पण मला मावशींना वाचता येईल असं कलम हवं होतं. शेवटी असं लिहिलं: ‘वस्तू फुटली तर त्याच पाळीत सांगा. सांगितलंत तर पैसे कापले जाणार नाहीत. लपवू नका, कारण राहिलेली काच पाहुण्याच्या नाहीतर तुमच्याच पायात जाते.’ अकाउंट्सवाल्यांना हे फार उदार वाटलं. मी म्हटलं, पाहुण्याच्या पायात गेलेल्या काचेचं बिल काढून बघा.

वहीतले प्रश्न एकत्र वाचताना नारायण मेघाजी लोखंडे आठवले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या केल्या, त्यांत आठवड्याची सुट्टी होती, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती आणि पगार ठरल्या तारखेच्या आत मिळावा हेही होतं. रविवारची सुट्टी १८९० च्या जूनमध्ये मिळाली. आमच्या धंद्यात रविवार कुणालाच मिळत नाही, तो भाग वेगळा. पण वार कुठला का असेना, ‘वीक ऑफ’ महिन्याच्या सुरुवातीला फळ्यावर लागेल आणि तो परस्पर बदलला जाणार नाही, एवढं पहिल्याच पानावर घेतलं.

राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात तेव्हा एक गोष्ट सापडली, जी आमच्याकडे कुणी वापरलीच नव्हती. वर्षाला आठ पगारी सुट्ट्या. त्यांतल्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. तोवर त्या मुंबईहून ठरून यायच्या. या वेळी शेडमध्ये हात वर करून ठरवल्या. कार्ल्याच्या एकवीरेची चैत्रातली यात्रा एकमुखाने आली. किचनमधली गढवालची पोरं होळीवर अडून बसली आणि तीही आली.

राहिली लावणी. ती कधी येणार हे पावसावर, त्यामुळे तारीख कोण देणार? बागेतल्या एका काकांनी सहज सांगितलं, “बी टाकलं की तीन आठवड्यांनी रोप लावणीला येतंय, त्यात काय!” कलम तिथंच तयार झालं. ज्या दिवशी बी टाकाल त्या दिवशी सुपरवायझरला कळवायचं. त्याला ड्यूटी लावायला तीन आठवडे मिळतात. रजा सोमवार ते शुक्रवार, हक्काच्या रजेतून, शनिवार-रविवार कामावर. एका वाडीतली माणसं दोन तुकड्यांत जातील, म्हणजे इरजिकही, एकमेकांच्या शेतात जाऊन राबणं, मोडत नाही. मुंबईहून विचारणा झाली की रजेच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लावणी’ असा प्रकारच नाही, ही कशात टाकायची? मी सांगितलं, नवा रकाना करा.

ब्रेक शिफ्टवर मात्र जोरात वाजलं. सकाळी सातला नाश्त्याला बोलवायचं, अकराला सोडायचं, संध्याकाळी सहाला पुन्हा बोलवून रात्री अकराला मोकळं करायचं. काम नऊ तासांचं, पण माणूस सोळा तास अडकलेला. २०१७ च्या त्याच कायद्यात हा पसारा साडेदहा तासांचा होता, अधूनमधून चालणाऱ्या कामाला फार तर बारा. मॅनेजर म्हणाले, सगळ्या लोणावळ्यात असंच चालतं. मी आकडे छापले. त्या पानावर सही करायला मालकांनी बराच वेळ घेतला आणि दोन वेटर जास्त घ्यावे लागले.

पुस्तक मराठीत आणि हिंदीत छापलं, खिशात मावेल एवढं. टिपचं पान तेवढं कोरं गेलं. वेटर म्हणतात, पाहुणा आमच्या हातात देतो. किचन म्हणतं, चव कुणाची? मी केलेला मसुदा दोन्हीकडच्यांनी नाकारला. आता त्यांनाच एकत्र बसून लिहून आणायला सांगितलंय.